उठवणाऱ्या तांडेलबाई

परवा माझ्या नणंदेचं पोटाचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याच दिवशी सकाळी निळ्या कपड्यांतली एक पोरसवदा मुलगी आली, 'चला काकू, उठायचं' म्हणाली आणि बघता बघता तिला कॉरिडॉरमध्ये चालवून घेऊन आली. घरची सगळी मंडळी खूश झाली. भाच्याने तर फोटोही काढला. मी मात्र नणंद पलंगावरून पाय खाली सोडायला लागली तशी खोलीबाहेर जाऊन उभी राहिले. सारा जन्म सर्जिकल वॉर्डात सिस्टर म्हणून काढला, बघायचं ते सगळं बघितलं, पण पेशंट पहिल्यांदा उभा राहतो तेवढं मला अजून बघवत नाही. याला कारण तांडेलबाई.

आमचं हॉस्पिटल अंधेरी आणि बोरिवलीच्या मधे होतं, एका ट्रस्टचं. नाव सांगत नाही. सांगून तरी काय, ते बंद पडून जमाना झाला. गिरण्यांचा संप नुकताच बारगळला होता त्या सुमाराची ही गोष्ट. फिजिओथेरपी हा शब्द तेव्हा पेशंटच्याच काय, आमच्या मेट्रनच्याही तोंडात नीट बसत नव्हता. लोक सरळ 'मालीशवाली बाई' म्हणत, आणि तांडेलबाईंचं डोकं फिरे. मालीश करायला मी काय चौपाटीवर बसलेय, असं त्या भर वॉर्डात विचारत.

मंदा तांडेल मूळच्या मनोरीच्या कोळीवाड्यातल्या. बाप मासेमारीला जायचा, आई टोपली घेऊन मार्व्याच्या फेरीबोटीने पलीकडे येऊन मालाडच्या बाजारात बसायची. त्या घरातून ही मुलगी शिकून फिजिओथेरपिस्ट झाली आणि लग्नाबिग्नाच्या भानगडीत न पडता आमच्या वॉर्डात येऊन उभी राहिली. बुटकी, रुंद मनगटांची बाई. कडक इस्त्रीचा पांढरा कोट आणि अंबाड्यावर रोज फुलांची वेणी. मेट्रनने वेणीवरून हटकून पाहिलं. बाईंनी शांतपणे विचारलं, 'पेशंटला त्रास होतो का फुलांचा? तसं असेल तर काढते.' पेशंटला त्रास होत नव्हता. वेणी राहिली.

त्यांच्या काही सवयी आम्हांला आधी विचित्र वाटायच्या. वॉर्डात आल्या की पेशंटपाशी जायच्याच नाहीत. पलंगाच्या पायथ्याशी हात मागे बांधून नुसत्या उभ्या राहायच्या. पेशंट श्वास कसा घेतोय, ओठांचा रंग काय, सलाईन कुठे, नळ्या कुठून कुठे गेल्यात, कुठल्या कुशीवर वळताना तोंड वाकडं करतोय, हे सगळं बघून झालं की मग केसपेपर वाचायच्या, मग मला विचारायच्या, आणि पेशंटला हात सगळ्यात शेवटी. मला विचारायच्या ते ठरलेलं. दुखण्याचं इंजेक्शन कधी दिलंस? दिलं असेल तर ते अंगात भिनेपर्यंत थांबायच्या आणि दिलं नसेल तर मलाच दटावायच्या. दुखत असताना उठवलेला माणूस पुन्हा उठायला कबूल होत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पेशंटला त्यांचा पहिला प्रश्न कुठे दुखतं हा नसायचा. 'घरी संडास कुठे?' हा असायचा. शेजारच्या कॉटवरची माणसं फिदीफिदी हसायची. पण चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, त्याच्या दोन पायऱ्या, आत उकिडवं बसायचं, धरायला काही नाही, हातात डबा. तिथवर जाऊन सुखरूप परत आला तर माणूस बरा झाला, नाहीतर टाके सुकले काय नि न सुकले काय, असा त्यांचा हिशेब. एका रिक्षावाल्याचा पाय मोडला होता. त्याला त्यांनी कुबड्या घेऊन वॉर्डात चालवलं नाही, बाहेरच्या जिन्यावर नेलं, आणि एका हातात पाण्याचा डबा देऊन चालवलं. तो रडकुंडीला आला. म्हणाला, बाई, डबा तरी राहू द्या. बाई म्हणाल्या, 'डबा मी आणून देऊ का तुझ्या घरी रोज? चल.'

ऑपरेशन झालेल्या माणसाला खोकायला लावायचं हे त्यांचं दुसरं काम. छातीत कफ साठला की न्यूमोनिया होतो. पण पोटावर टाके असताना खोकायचं म्हणजे जीव जातो, म्हणून पेशंट खोकला दाबून धरतात. बाई त्यांच्या पोटावर उशी ठेवायच्या. 'बायकोला धरतोस तशी धर आणि खोक.' म्हातारे लाजायचे, पण खोकायचे. कांदिवलीचे एक शेठ मात्र काही केल्या तयार होईनात. बाईंनी स्वतः उशी पोटाशी धरून त्यांच्यासमोर असं काही खोकून दाखवलं की शेठना हसू फुटलं, हसण्याने उबळ आली आणि दोन दिवसांचा कफ एकदम बाहेर पडला. शेठ शिव्या देत होते आणि बाई त्यांची पाठ थोपटत होत्या. असं हसणं त्या वॉर्डात नंतर फारसं झालं नाही.

खरा तंटा असायचा तो नातेवाइकांशी. आपल्याकडे आजारी माणसावर प्रेम करायचं म्हणजे त्याला हलू द्यायचं नाही. पाणी तोंडाशी, जेवण तोंडाशी, कूस बदलायची तर चार जणांनी धरून. उठवायला गेलं की टाके उसवतील म्हणून अंगावर येतात. बाई त्यांना आपल्या गावची गोष्ट सांगायच्या. होडी पाण्यात असते तोवर धड असते, वाळूवर ओढून ठेवली आणि विसरली की उन्हाने तिच्या फळ्या फाटतात. हे कोकणातल्या माणसाला लगेच पटायचं. घाटावरच्याला पटलं नाही तर बाई आवाज चढवायच्या.

पण म्हणून त्या दिसेल त्याला उठवत सुटायच्या असंही नाही. एकदा मोठ्या डॉक्टरांनी राउंडला एका म्हाताऱ्याला खुर्चीत बसवायला सांगितलं. बाई पायथ्याशी उभ्या राहिल्या, पुढे झाल्या, नाडी धरली आणि म्हणाल्या, 'आज नाही.' डॉक्टर जुने, समजूतदार. त्यांनी पुन्हा तपासलं. म्हाताऱ्याला आतून रक्तस्राव चालू झाला होता. त्याला परत टेबलावर घेतला आणि तो वाचला. त्या दिवसापासून मोठे डॉक्टर राउंड संपला की विचारायचे, 'बाई, तुमचं काय म्हणणं?' मला वाटतं, तांडेलबाईंच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला काळ तोच. तो लवकर संपला.

तुकाराम परब आमच्याकडे आला तो पोटात भोक पडून. अल्सर फुटला होता. मूळचा मालवणकडचा, गिरणी सुटल्यावर गोरेगावात एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होता. चाळिशीचा असेल. काटक, गरीब स्वभावाचा, सिस्टरलाही 'अहो' म्हणणारा. ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी तांडेलबाई आल्या, त्याला खोकायला लावला, पायांचे पंजे वरखाली करायला शिकवले आणि उद्या उभं राहायचं म्हणून सांगून गेल्या. तो हो म्हणाला. त्याची बायको सुमन, तीही हो म्हणाली.

संध्याकाळी त्याचा थोरला भाऊ आला. सगळे त्याला दादा परब म्हणत. घरात त्याचा शब्द म्हणजे शेवटचा. तुकाराम पोट धरून लोळायला लागला त्याच दिवशी दादाने गावी माणूस पाठवून ग्रामदेवतेला कौल लावला होता. माझं माहेर तिकडचंच, त्यामुळे मला हे नवीन नव्हतं. गुरव देवाच्या अंगाला फुलांचे कळे चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि कुठल्या बाजूचा कळा पडतो त्यावरून देवाचं म्हणणं कळतं. देवाचं म्हणणं आलं होतं. दादाने ते कॉटपाशी उभं राहून मालवणीत सांगितलं.

'अमावास्या जायसर भुयेक पाय लावचो नाय.'

अमावास्येला चांगला आठवडाभर अवकाश होता. दुसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा सुमनने मान खाली घालून त्यांना हे सांगितलं. मला वाटलं आता ठिणगी पडणार. पण बाई चिडल्या नाहीत. त्या स्वतः कोळीवाड्यातल्या, देवाशी वाद घालायचा नसतो हे त्यांना शिकवायला नको होतं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, 'भुईला नाही ना लावायचा? मग स्टुलावर लावू.' आणि खरंच, कॉटच्या कडेला लाकडी स्टूल ठेवून त्यांनी परबला पाय सोडून बसवला. सुमनचा चेहरा खुलला. परब म्हणाला, देव पण हसत असेल.

दादा मात्र हसला नाही. संध्याकाळी शेजारच्या कॉटवाल्याने त्याला ही गंमत सांगितली आणि त्याने वॉर्ड डोक्यावर घेतला. देवाला फसवता काय, उद्या माझ्या भावाला काही झालं तर तुम्ही भरून देणार काय, अशी भाषा. तो ट्रस्टींपर्यंत गेला. मोठे डॉक्टर तेव्हा रजेवर होते, आणि त्यांच्या जागी काम बघणारा तरुण डॉक्टर बाईंना म्हणाला की नातेवाइकांशी पंगा नको, चार दिवसांचा तर प्रश्न आहे, पडू दे त्याला. बाईंनी निदान बिछान्यात पाय हलवायची तरी परवानगी मागितली. दादाने स्वतःच्या मेहुण्याला राखणीला बसवलं. बाई दिसल्या की तो उठून कॉटच्या आड उभा राहायचा.

परब पडून राहिला. बाई रोज येऊन लांब दारातून बघायच्या आणि जायच्या. जाताना मला एवढंच म्हणायच्या, 'पंजे हलवतोय का गं? तू सांग ना त्याला.' मी सांगायचे. तो हलवायचा, मेहुणा बघायला लागला की थांबायचा.

अमावास्या गेली. सकाळी सकाळी दादा परब नारळ आणि पेढे घेऊन वॉर्डात हजर झाला. मनाने वाईट माणूस नव्हता तो, हे लिहायलाच हवं. भावासाठी तो गावी पायी जायचा नवस बोलला होता. तो स्वतः खाली जाऊन बाईंना बोलावून घेऊन आला. झालं गेलं विसरा म्हणाला, देवाने मोकळीक दिली आहे, आता तुमच्या हाताने उठवा.

बाई पायथ्याशी उभ्या राहिल्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ उभ्या राहिल्या. मग चादर वर केली, परबच्या दोन्ही पोटऱ्यांवर एकेक हात ठेवला, आणि मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, 'डावी बघ. गरम आहे. फुगलीय.' मी हात लावला. फरक होता, पण फार नव्हता. बाई दादाकडे वळून म्हणाल्या, 'आज नको.'

दादाचा चेहरा पडला. इतके दिवस उठवते उठवते म्हणत होती, आणि देव हो म्हणाला तर ही नाही म्हणते, हे त्याच्या डोक्यात शिरेना. बाई सूड उगवतायत असंच त्याला वाटलं, आणि तो तसं बोलला. बाईंनी तरुण डॉक्टरला बोलावलं. तो घाईत आला, पोटरी दाबली, पंजा वर करून पाहिला, दुखतं का विचारलं. परब नाही म्हणाला. त्याला उठायचं होतं, तो कशाला हो म्हणेल? डॉक्टरने सांगितलं की पडून पडून पाय सुजतात, चालला की उतरेल, आणि हा बेड मला आजच रिकामा पाहिजे. बाई म्हणाल्या, मोठ्या डॉक्टरांना येऊ द्या, उद्या येतायत. मीही म्हटलं, एक दिवस थांबू या. तो आम्हां दोघींकडे बघून म्हणाला की डॉक्टर मी आहे.

तरीही बाई हलल्या नसत्या. पण परबने त्यांचा हात धरला. लहान मुलासारखा चेहरा करून म्हणाला, 'बाई, उठवा माका. उभ्यान लघवीक जावंदे एकदा.'

तांडेलबाईंनी त्याला उठवला. मी दुसऱ्या बाजूने धरला होता. सगळं नेहमीच्या रीतीने झालं, आधी कुशीवर, मग बसतं, मग थोडं थांबून नाडी, मग पाय खाली. तो उभा राहिला. वॉर्डातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. दादा रडत होता. परब चहूकडे बघून म्हणाला, 'बरा वाटता ओ बाई,' आणि त्याचा श्वास अडकला. त्याने बाईंच्या कोटाची बाही मुठीत धरली आणि तो त्यांच्या अंगावर कोसळला. त्याला कॉटवर घेतला, छाती दाबली, डॉक्टर धावत आला, सगळं केलं. काही उपयोग झाला नाही. पायातली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात गेली होती.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले आणि त्यांनी केसपेपर वाचून स्पष्ट सांगितलं की माणूस इतके दिवस निजून राहिल्यामुळे गुठळी झाली, निजणं त्याला मारून गेलं. हे त्यांनी आम्हांला सांगितलं, बंद खोलीत. वॉर्डाने काय पाहिलं? वॉर्डाने पाहिलं की माणूस निजला होता तोवर जिवंत होता आणि त्या बाईने उभा केला तेव्हा मेला. दादा परबने तक्रार केली नाही, भांडला नाही. तो फक्त म्हणाला की आमचंच चुकलं, अजून थांबायला हवं होतं. त्याच्या त्या वाक्याने सगळी वाट लावली. कोकणातल्या माणसांत ही बातमी दहिसरपर्यंत गेली असेल. नवीन पेशंट भरती झाला की त्याचे नातेवाईक आम्हांला आधीच बजावायचे, ती वेणीवाली बाई आमच्या माणसाजवळ नको.

दिवसकार्य झाल्यावर सुमन नवऱ्याच्या वस्तू न्यायला आली. टॉवेल, तांब्या, चपला. बाईंना भेटायचं म्हणून थांबून राहिली. मला वाटलं शिव्या देणार, आणि मला वाटतं बाईंनाही तेच हवं होतं. तिने फक्त विचारलं, उभे राहिले तेव्हा ते काही बोलले का? बाईंनी सांगितलं, बरं वाटतंय म्हणाले. सुमनने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, 'मग तुमचे उपकार.' बाईंना ते सहन झालं नाही. त्या मागे फिरून जिन्याकडे निघून गेल्या. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बाई वाचल्या असत्या, असं मला अजून वाटतं.

त्यानंतर बाईंनी स्वतःच ओपीडी मागून घेतली. तळमजल्यावर लाल दिव्याचा शेक, गुडघेदुखी, आखडलेले खांदे. मी जेवणाच्या सुट्टीत खाली जायचे. वर तुमची गरज आहे, एका म्हाताऱ्याला न्यूमोनिया झालाय, दुसऱ्याच्या पाठीला जखमा पडल्यात, असं सांगून पाहिलं. मोठे डॉक्टरही खाली येऊन गेले. बाई ऐकून घ्यायच्या आणि शेकाचा दिवा पुढे-मागे सरकवत बसायच्या. एकदाच बोलल्या. 'सावंत, मला कळलं होतं गं. हाताला कळलं होतं. तरी मी उठवला.' वर्षभराने त्यांनी नोकरी सोडल्याचं कळलं. वॉर्डात त्यांच्या जागी कोणी आलं नाही. पेशंट पडून राहायचे, नातेवाईक खूश असायचे.

त्यांची आई घसरून पडली आहे असं मालाडच्या बाजारात एका कोळणीने सांगितलं, तेव्हा मी सुट्टी बघून मनोरीला गेले. फेरीबोटीने पलीकडे उतरले, विचारत विचारत घर गाठलं. अंगणात बांबूंवर बोंबील सुकत घातले होते. आत खाटेवर म्हातारी उताणी पडली होती आणि बाई तिच्या तोंडात चमच्याने पेज घालत होत्या. अंबाडा रिकामा होता. मला बघून त्या हसल्या, बसायला पाट दिला. खुब्याचं हाड मोडलं होतं, पण ऑपरेशन झालं होतं, आणि बसवायला हरकत नाही असं डॉक्टरांनी कधीच सांगितलं होतं. हे मला शेजारणीने दारातच सांगितलं. म्हातारीच्या अंगाला जो वास येत होता तो मला ओळखू येत होता. पाठ कुजल्याचा वास.

आम्ही इकडचं तिकडचं बोलत बसलो. मधेच म्हातारी म्हणाली, 'गो मंदा, बसव ना मना जरा.'

'नको आये. पडून राहा.'

मी म्हटलं, मंदाताई, आपण दोघी आहोत, हळूच बसवू. मी उठून खाटेच्या बाजूला गेले आणि म्हातारीच्या खांद्याखाली हात घालणार, तेवढ्यात बाईंनी माझं मनगट धरलं.

'हात लावू नकोस तिला,' त्या म्हणाल्या.

म्हातारी छपराकडे बघत राहिली. बाईंनी माझा हात सोडला, तिच्या पायांवरची चादर नीट केली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, 'शेवटची बोट चुकेल तुझी. निघ तू आता.'